सौरछताखालचे फडफडणारे दिवे

छतावर सौर पॅनल बसवल्यानंतर घरातले दिवे फडफडू लागले, की पहिला ठपका इन्व्हर्टरवर ठेवला जातो. ते समजण्यासारखे आहे. पेटी नवी असते आणि बाकी घर जुने. पण इन्व्हर्टर आणि दिवा यांच्यामध्ये वितरण पेटी, एमसीबी, मीटर, खांबावरून आलेली सर्व्हिस वायर, न्यूट्रलचे जोड आणि गल्लीच्या टोकाची डीपी, म्हणजे वितरण रोहित्र, एवढा सगळा पसारा असतो. त्यातला एखादा जोड कच्चा असला तरी सौरयंत्रणा येण्यापूर्वी तो कसाबसा चालून जातो. भर दुपारी तीन किलोवॅटचा प्रवाह त्याच्यातून उलट दिशेने वाहू लागला, की त्याचा कच्चेपणा दिव्यात दिसतो. म्हणून दुरुस्ती पेटी बदलण्यापासून सुरू करू नये. दिवा केव्हा, कुठे आणि कोणत्या तालात फडफडतो, हे आधी पाहावे.

उदाहरणार्थ, यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातले राजूर हे गाव कोळसा आणि चुना यांसाठी ओळखले जाते. वर्धा खोऱ्यातल्या याच कोळसापट्ट्यावर शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातले २,९२० मेगावॅटचे महाऔष्णिक वीजकेंद्र उभे आहे. अशा गावात छतावरची सौरवीज आली, की तिला तीन गोष्टींशी जमवून घ्यावे लागते. पहिली गोष्ट धूळ. कोळशाची भुकटी पॅनलवर आणि इन्व्हर्टरच्या हवेच्या फटींत बसते. चुन्याची धूळ पावसात भिजली की अल्कधर्मी होते आणि अ‍ॅल्युमिनियम खाते, त्यामुळे खांबावरच्या उघड्या जोडांचे आयुष्य कमी होते. दुसरी गोष्ट ऊन. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, पॅनलचा पृष्ठभाग त्याहून बराच तापतो आणि पश्चिमेच्या भिंतीवर लावलेला इन्व्हर्टर स्वतःला वाचवण्यासाठी उत्पादन कमी करतो. दिवसा तापणे आणि रात्री निवणे यांमुळे स्क्रूखालची तार हळूहळू ढिली होत जाते. तिसरी गोष्ट मोटारी. कुलर, पाणी ओढणारी मोटर, पीठगिरणी, वेल्डिंगचे दुकान हे सारे बहुधा एकाच डीपीवर असते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारची ‘पीएम सूर्यघर मोफत वीज योजना’ आली. दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येक किलोवॅटला ३० हजार रुपये आणि तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला एकूण ७८ हजार रुपये अनुदान तिच्यात ठरले. एक कोटी घरांचे उद्दिष्ट ठेवलेल्या या योजनेमुळे छतावरचे पॅनल ही शहरातल्या बंगल्यांपुरती गोष्ट उरली नाही. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम ठरली. घरगुती यंत्रणा मुख्यतः एक ते पाच किलोवॅटच्या असतात आणि त्यांतल्या बहुसंख्य ‘ऑन-ग्रिड’, म्हणजे बॅटरीशिवाय थेट महावितरणच्या लाइनला जोडलेल्या असतात.

हा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर स्वतःचा दाब, म्हणजे व्होल्टेज, तयार करत नाही. लाइनवर आधीच असलेल्या दाबाची आणि सेकंदाला ५० आवर्तनांची लय पकडून तो फक्त प्रवाह आत ढकलतो. त्यामुळे लाइन गेली की तोही बंद पडतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ही सक्ती आहे. बॅटरीवर चालणारा ‘ऑफ-ग्रिड’ इन्व्हर्टर मात्र दाब स्वतः बनवतो आणि ‘हायब्रिड’ दोन्ही कामे करतो. फडफडीचे कारण शोधताना घरात यांपैकी कोणता प्रकार आहे, हे आधी माहीत असले पाहिजे. एकाची लक्षणे दुसऱ्याला लावली की तपास भरकटतो.

डोळ्याला काय दिसते, हेही समजून घ्यायला हवे. माणसाचा डोळा सेकंदाला सुमारे नऊ वेळा होणाऱ्या चढउताराला सर्वांत हळवा असतो. फडफड मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकात २३० व्होल्टच्या ६० वॅटच्या जुन्या तारेच्या बल्बचा आधार घेतला आहे. त्यानुसार या वेगाने दाब फक्त पाव टक्का हलला तरी फडफड जाणवते. पाव टक्का म्हणजे अर्ध्या व्होल्टहून थोडे जास्त. साधा मल्टिमीटर इतका जलद आणि इतका लहान बदल दाखवतच नाही. ‘मीटरवर व्होल्टेज बरोबर आहे, म्हणजे तुमचा भास आहे’ असे घरच्यांना सांगणे म्हणूनच चूक ठरते. उलट दाब मिनिटभरात सावकाश दहा व्होल्टनी बदलला, तर मीटरवर ते स्पष्ट दिसते आणि डोळ्याला फारसे जाणवत नाही.

निरीक्षणासाठी एक वही पुरते. वेळ, ऊन की ढग, कोणत्या खोलीतला दिवा, त्या क्षणी काय चालू होते आणि इन्व्हर्टरच्या पडद्यावर कोणता आकडा किंवा सूचना होती, एवढे चार-पाच दिवस लिहिले तरी चित्र उमटू लागते. एकच बल्ब फडफडत असेल तर तो दुसऱ्या होल्डरमध्ये लावून पाहावा. एकच खोली असेल तर त्या खोलीचा स्विचबोर्ड आणि तिथला जोड तपासावा. सगळे घर फडफडत असेल तर दोष मेन स्विचपासून पुढे खांबाकडे शोधावा. शेजारीही तीच तक्रार करत असतील तर दोष गल्लीचा आहे. इन्व्हर्टर रात्री झोपलेला असतो, त्यामुळे रात्री होणाऱ्या फडफडीचा ऑन-ग्रिड यंत्रणेशी संबंध नसतो. एवढ्या साध्या गोष्टीने अनेक घरांतला वाद मिटेल.

आता भर दुपारच्या फडफडीकडे यावे, कारण सौरघराचा खरा प्रश्न तिथेच आहे. आपल्याकडच्या डीपीवर ११ किलोव्होल्ट आणि ४३३ व्होल्ट असे आकडे कोरलेले असतात. हे ४३३ व्होल्ट दोन फेजमधले. फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये ते २५० व्होल्ट होतात. संध्याकाळी भार वाढून वायरीत दाब पडला तरी शेवटच्या घराला पुरेसे व्होल्टेज मिळावे, म्हणून सुरुवातच वरून केलेली असते. नियमानुसार घरगुती पुरवठा २३० व्होल्टच्या ६ टक्के खाली-वर, म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्टमध्ये असावा. पण दुपारी भार कमी असला की डीपीजवळच्या घरात २४० ते २४५ व्होल्ट दिसणे नवलाचे नाही.

अशा घरावर तीन किलोवॅटची यंत्रणा बसली, की भर उन्हात ती सुमारे १३ अँपिअर प्रवाह खांबाकडे ढकलते. घरापासून खांब ४० मीटरवर आणि सर्व्हिस वायर ४ चौरस मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमची असेल, तर जाण्यायेण्याच्या ८० मीटर तारेचा रोध ०.६ ओहमच्या आसपास येतो. १३ अँपिअरला तो जवळजवळ ८ व्होल्टचा फरक पाडतो. प्रवाह घरातून बाहेर जात असल्यामुळे हे ८ व्होल्ट घराच्या बाजूला वाढतात. खांबावर २४५ असले तर घरात २५३.

आणि २५३ हाच उंबरठा आहे. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांनुसार लाइनचा दाब ११० टक्क्यांवर गेला की छोट्या वीजनिर्मिती यंत्रणेने दोन सेकंदांच्या आत लाइनपासून सुटले पाहिजे, आणि दाब व आवर्तने किमान ६० सेकंद स्थिर राहिल्याशिवाय पुन्हा जुळता कामा नये. २३० चे ११० टक्के म्हणजे २५३. इन्व्हर्टर सुटतो, दाब एकदम आठ व्होल्टनी खाली येतो, दिव्याचा प्रकाश क्षणभर दचकतो. मिनिटभराने, काही पेट्यांत पाच मिनिटांनी, तो पुन्हा जुळतो, उत्पादन चढते, दाब वाढतो आणि तो पुन्हा सुटतो. स्वच्छ उन्हात, अकरा ते तीनच्या दरम्यान, ठरावीक अंतराने येणारा झटका हा या आजाराचा नेमका ताल आहे. इन्व्हर्टरच्या नोंदींत त्याच वेळांना ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’ची सूचना असेल तर शंकेला जागा उरत नाही. अशा वेळी इन्व्हर्टर बिघडलेला नसतो, तो नियम पाळत असतो.

यावर चुकीचा आणि दुर्दैवाने सोपा उपाय म्हणजे इन्व्हर्टरमधली दाबाची मर्यादा वाढवून ठेवणे. तक्रार थांबते, पण घरातला फ्रिज, पंखे आणि दिवे रोज दुपारी २६० व्होल्ट सोसत राहतात. खरा उपाय वायरीत आहे. तीच सर्व्हिस वायर १० चौरस मिलिमीटरची केली तर ८ व्होल्टची वाढ सव्वातीन व्होल्टवर येते. घराला तीन फेजचा पुरवठा असेल तर तीन फेजचा इन्व्हर्टर लावून प्रवाह विभागता येतो. काही इन्व्हर्टरमध्ये दाब वाढू लागताच उत्पादन थोडे आवरण्याची किंवा रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर घेऊन दाब धरून ठेवण्याची सोय असते. ती यंत्रणा बसवणाऱ्या एजन्सीने महावितरणच्या संमतीने चालू करावी. भार नसतानाही खांबावरच दाब २४४ च्या वर असेल, तर ते काम घरमालकाचे नाही. त्याची लेखी तक्रार महावितरणकडे करावी.

ढगांचा परिणाम याहून वेगळा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये तुटक ढग वाहत असताना तीन किलोवॅटचे उत्पादन काही सेकंदांत पाऊण किलोवॅटवर येते आणि परत चढते. १३ अँपिअरचे ३ अँपिअर झाले की वरच्याच वायरीत सहा व्होल्टचा फरक पडतो. प्रकाश हलका कमी-जास्त होतो, पण झटका बसत नाही. वायर जाड केल्यावर हेही घटते. वायर आधीच पुरेशी जाड असूनही ढगाबरोबर दिवा ठळकपणे मंदावत असेल, तर वाटेत कुठेतरी ढिला जोड आहे.

घरातला सर्वांत धोकादायक दोष हाच. समजा, जोडाचा रोध फक्त अर्धा ओहम आहे. १३ अँपिअरला त्यावर साडेसहा व्होल्ट अडतात आणि जवळजवळ ८५ वॅट उष्णता तयार होते, तीही अंगठ्याएवढ्या जागेत. आधी प्लास्टिक पिवळे पडते, मग जळका वास येतो, मग ठिणगी पडते. सौरयंत्रणेने हा धोका वाढतो, कारण घरातला भार अधूनमधून चालतो पण सूर्य सलग पाच-सहा तास पूर्ण प्रवाह देतो. अ‍ॅल्युमिनियमची तार तांब्याच्या टर्मिनलमध्ये तशीच कोंबलेली असणे, पिळ देऊन टेप गुंडाळलेला जोड, थिंबलशिवाय बसवलेल्या बहुतारी वायरी आणि एकाच एमसीबीच्या तोंडात घुसवलेल्या दोन जाडीच्या तारा, ही त्याची नेहमीची ठिकाणे. अ‍ॅल्युमिनियम आणि तांबे जोडायचे तर दोन धातूंचे थिंबल वापरावे, ते दाबयंत्राने दाबावे आणि स्क्रू ठरलेल्या ताकदीने आवळावा. राजूरसारख्या गावात, जिथे चुन्याची धूळ आहे, खांबावरचा जोड बंद डबीत किंवा आवरण असलेल्या क्लॅम्पने करणे हा खर्च नाही, गरज आहे.

इथे एक घाईचा निष्कर्ष टाळायला हवा. सौरयंत्रणेचा एमसीबी खाली केला आणि फडफड थांबली, तर ‘सापडला चोर, इन्व्हर्टरच’ असे म्हटले जाते. पण एमसीबी खाली करताच कच्च्या जोडातून वाहणारा प्रवाहही थांबतो. दोष जोडाचा असो की इन्व्हर्टरचा, या चाचणीचे उत्तर एकच येते.

दोघांना वेगळे करणारी चाचणी रात्री होते. सूर्य नाही, इन्व्हर्टर झोपलेला. परवानाधारक वायरमनने मेन स्विचवर दाब मोजावा, मग दोन किलोवॅटचा गीझर चालू करून पुन्हा मोजावा. गीझर सुमारे पावणेनऊ अँपिअर ओढतो. वर सांगितलेल्या ४ चौरस मिलिमीटरच्या ४० मीटर वायरीत त्याने पाच व्होल्टच्या आसपास घट व्हावी, डीपीपासून खांबापर्यंतच्या लाइनचे आणखी एक-दोन. घट पंधरा व्होल्ट आली, किंवा आकडा स्थिर न राहता नाचू लागला, तर जोड कच्चा आहे आणि ठपका आधी इन्व्हर्टरवर ठेवू नये. मग तीच मोजणी वितरण पेटीत आणि शेजाऱ्याच्या घरात करावी. दोन ठिकाणांच्या आकड्यांत जिथे उडी दिसते, तिथे दोष असतो. शेजाऱ्याकडेही तेवढीच घट दिसली तर तो खांबाच्या पलीकडे आहे. रात्रीची चाचणी स्वच्छ आली, नोंदींत ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’ची सूचना नसली आणि दिवसाची फडफड तरीही राहिली, तेव्हाच इन्व्हर्टरकडे बोट दाखवावे. मल्टिमीटर आणि गीझर एवढ्यावर होणारी ही चाचणी नवी पेटी मागवण्यापूर्वी प्रत्येक घरात व्हायला हवी.

न्यूट्रलचा दोष वेगळा ओळखू येतो. एका खोलीतला दिवा प्रखर होतो त्याच क्षणी दुसऱ्या खोलीतला मंदावत असेल, तर तो फेजचा खेळ नाही, न्यूट्रल ढिला झालेला आहे. तीन फेजच्या घरात न्यूट्रल पूर्ण तुटला, तर दोन फेजवरची उपकरणे एकमेकांच्या मागे ४०० व्होल्टवर लागल्यासारखी होतात. ज्या बाजूला कुलर आणि फ्रिज आहेत तिथे दाब पडतो, जिथे चारच एलईडी दिवे आहेत तिथे तो ३०० व्होल्टच्याही वर जाऊ शकतो. दिवे, टीव्ही, चार्जर, इन्व्हर्टरचे इलेक्ट्रॉनिक्स सारे एका क्षणात जळते. वस्तीतल्या भाषेत ‘न्यूट्रल उडाला’ म्हणतात ते हेच. हे लक्षण दिसताच पुढे निरीक्षण करत बसू नये. मेन स्विच बंद करावा आणि मगच तक्रार करावी. घराचे अर्थिंग तपासून घ्यावे हे खरे, पण अर्थिंगच्या तारेला न्यूट्रल म्हणून जोडणे हा जिवावर बेतणारा प्रकार आहे, त्याला कोणतेही कारण पुरेसे नाही.

बॅटरीवाल्या यंत्रणेचे दुखणे बहुधा बॅटरीत असते. १२ व्होल्टच्या बॅटरीतून एक किलोवॅट घ्यायचा तर वाटेतली घट धरून सुमारे ९५ अँपिअर प्रवाह लागतो. टर्मिनलवर पांढरा क्षार बसून रोध एक शतांश ओहम झाला तरी जवळपास एक व्होल्ट तिथेच जातो, आणि बारातला एक व्होल्ट हा मोठा वाटा आहे. पाणी कमी झालेल्या किंवा म्हाताऱ्या ट्यूबलर बॅटरीचा दाब कुलर सुरू होताच कोसळतो, इन्व्हर्टर लाइनवर उडी मारतो, भार हटताच बॅटरीचा दाब सावरतो आणि तो परत येतो. प्रत्येक उडीला दिवे दचकतात. टर्मिनल गरम पाण्याने धुऊन, घट्ट करून, व्हॅसलीन लावावे. बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. तरीही दुखणे राहिले तर बॅटरीची भारावर चाचणी घ्यावी. आणखी एक चूक जुन्या घरांत सापडते. इन्व्हर्टरवरच्या दिव्यांचा न्यूट्रल आणि लाइनवरच्या दिव्यांचा न्यूट्रल वायरिंग करताना एकत्र बांधलेला असतो. मग स्विच फिरताच भलत्याच खोलीतला दिवा लुकलुकतो. दोन्हींचे न्यूट्रल वेगळे ओढणे हाच त्यावर इलाज.

दिव्याचाही वाटा असतो. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेनंतर एलईडी घरोघर पोहोचला. चांगल्या एलईडीतला ड्रायव्हर दाब बराच खाली-वर झाला तरी प्रकाश स्थिर ठेवतो. स्वस्त दिव्यात ड्रायव्हरच्या जागी केवळ कपॅसिटर असतो, आणि लाइनमधली प्रत्येक हालचाल तो प्रकाशात उतरवतो. एकाच होल्डरमध्ये दोन्ही लावून पाहिले की फरक दिसतो. दिवा बंद असतानाही मंद लुकलुकत असेल, तर स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर आहे किंवा स्विचमधल्या लाल इंडिकेटरमधून थेंब-थेंब प्रवाह जातो आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्यात दिसणारे काळे पट्टे म्हणजे सेकंदाला शंभर वेळा होणारी फडफड. ती दिव्याची असते, सौरयंत्रणेची नाही.

मोटारींबद्दल थोडक्यात. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. पाणी ओढताना एकदाच दिवा दचकला तर त्यात बिघाड नाही. शेजारच्या वेल्डिंगबरोबर दिवे नाचत असतील तर प्रश्न डीपीच्या क्षमतेचा आहे, आणि तो गल्लीने मिळून महावितरणपुढे मांडायचा आहे.

इन्व्हर्टर स्वतः बिघडतच नाही असे नाही. आतले कपॅसिटर उष्णतेने म्हातारे होतात, पंखा धुळीने अडतो, पॅनलकडच्या एमसी-४ जोडण्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या असल्या तर सैल बसतात. दुपारी उत्पादनाचा आकडा स्वच्छ उन्हातही सतत वर-खाली उड्या मारत असेल आणि सूचना डीसी बाजूची असेल, तर एजन्सीला बोलवावे. ती बाजू घरच्यांनी उघडू नये. सहा पॅनल एकापुढे एक जोडले की भारमुक्त दाब ३०० व्होल्टच्या आसपास असतो, ऊन आहे तोवर तो कोणत्याही स्विचने नाहीसा होत नाही आणि डीसीची ठिणगी आपणहून विझत नाही. बंद करताना आधी एसीचा, मग डीसीचा स्विच, आणि नंतर पेटीवर लिहिलेली मिनिटे थांबणे, हा क्रम कधी मोडू नये. राजूरच्या हवेत पेटी सावलीत, हवेशीर भिंतीवर लावावी आणि तिच्या फटी महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशने झाडाव्यात.

पीएम सूर्यघर योजनेत यंत्रणा बसवणाऱ्या एजन्सीवर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी आहे. तक्रार करताना ‘लाइट फडफडते’ एवढेच न सांगता वहीतल्या वेळा, इन्व्हर्टरवरच्या सूचनेचा फोटो आणि रात्रीच्या गीझर चाचणीचे आकडे सोबत द्यावेत. दोष मीटरच्या पलीकडचा दिसला तर महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवावा. नवी यंत्रणा घेणाऱ्यांनी तर करारावर सही करण्यापूर्वीच सर्व्हिस वायरची जाडी, खांबापर्यंतचे अंतर आणि भर दुपारचा दाब मोजून घ्यावा, आणि वायर बदलायची असल्यास तो खर्च अंदाजपत्रकात लिहून घ्यावा.